पानांची पोती

अडीच एकरांत आम्ही सात जण,
एक चूल, दोन संडास (कोरडे, भुश्शाचे)
आणि एक वही. ती माझ्याकडे,
कारण एकवीस वर्षं मी बँकेत रोखपाल होते
आणि बाकीच्यांना सतराचा पाढा येत नाही.

कोळवण खोऱ्यातली ही जमीन घेतली तेव्हा
मुरूम होता, आणि मुरमाखाली मुरूम.
शेजारचे भिकू मरगळे बांधावर उभे राहून म्हणाले,
"हितं कुसळ पण इचार करून उगवतं."
मग आम्ही उतार बघून आडवे चर खणले,
पाण्याला म्हटलं, पळू नकोस, बस जरा.
आणि पानगळ लागली की दर रविवारी
टेंपो घेऊन शहरात पानं मागायला जाऊ लागलो.

हो, मागायला. एरंडवणे, प्रभात रोडच्या गल्ल्या.
वॉचमन आधी हसायचे. मग ओळखू लागले,
"आले, पानवाले आले."
एका आजोबांनी गॅलरीतून मघई मागितलं.

पोत्यांतून पानांबरोबर बरंच काही येतं.
दात घासायचा ब्रश, मुंजीची पत्रिका,
कानयंत्राचा बटणाएवढा सेल,
एकदा तर कुणाचा फाडलेला राजीनामा.
तांबोळी मास्तरांनी तो तुकडे जुळवून वाचला,
दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले
आणि पपईच्या बुडाशी टाकला.
बदामाचं पान उशिरा कुजतं, बुचाचं लवकर.
हे मला पन्नाशीनंतर कळलं.

बुधवारी सभा. विषय कायम तेच.
ताक कुणी संपवलं. भुस्सा टाकायला कोण विसरलं.
रानडुकरांनी रताळी उकरली, ती कुणाच्या राखणीत.
आणि यामिनीच्या गाठी.

यामिनी पोत्यांची तोंडं जुन्या साड्यांच्या काठांनी बांधायची.
दोन वेढे, एक मुरड, वर आणखी काहीतरी.
सुटायची नाही. नखं मोडायची.
विळा लावावा तर काठ वाया जातो,
आणि काठ वाया घालवायचा नाही हा ठराव तिचाच.
फिलोमिना एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली,
"बाई गं, पानं आहेत, सोनं नाही."
यामिनी म्हणाली, "बघू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी ती गेली.
भांडण तसं मोठं नव्हतं. गिझरचं होतं,
म्हणजे गिझरचं नव्हतं.
"मला एक दार हवंय," म्हणाली,
"जे मी आतून लावीन
आणि बाहेरून कुणी विचारणार नाही, बरी आहेस ना?"

तिच्या वाट्याचा हिशेब मी केला.
भरलेले पैसे, वजा घसारा, अधिक व्याज.
वरच्या चराचे चाळीस फूट तिने एकटीने खणले,
ते कुठल्या रकान्यात?
तिने लावलेला शेवगा, जो आता शेंगाही देतो आणि सुरवंटही?
मुरूम होता तिथे आता काळं काहीतरी आहे,
बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत जातं.
त्यातलं तिचं किती?
मी रेघ मारली. बेरीज जुळली.
बँकेतही जुळायची.

परवाच्या रविवारी हणमंत टेंपो घेऊन आला,
म्हणाला, बावधनला एका वॉचमनकडे हे ठेवलेलं होतं,
नाव सांगितलं नाही.
एकच पोतं. तोंडाला हिरवा काठ.
दोन वेढे, एक मुरड.

विळा खुंटीवर होता. कुणी उठलं नाही.
फिलोमिनाने आधी नखं लावली, मग दात,
मग मास्तरांनी चष्मा पुसून सुई मागितली.
पाऊण तास गेला.
डाळ करपली, ती कुणीच सभेत आणली नाही.

आत पानंच होती. नुसती पानं, निवडलेली,
ना ब्रश, ना प्लास्टिक, ना चिठ्ठी.
खोटं कशाला बोलू, शोधली मी,
कोपरापर्यंत हात घालून.

वालाच्या वाफ्यावर ती पसरली.
काठ धुऊन दोरीवर घातला.
रात्री वही उघडली. जमा: पानं, पोतं एक.
नावाच्या रकान्याशी पेन टेकवलं,
तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, आज भांडी कुणाची?
पाळी माझीच होती.