बुजवलेली विहीर

संध्याकाळी सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढायचे,
गाड्या उतारावर दिवे मालवून सोडायच्या,
सिगारेटसुद्धा मुठीत लपवून ओढायची.
अटाकामातल्या या डोंगरावर
अंधार हीच आमची मिळकत.
तो सांडू द्यायचा नाही.

वेन्सेस्लाओ सियारेस आरसा साफ करतो.
पाण्यानं नव्हे, गोठवलेल्या वायूच्या बर्फानं.
आठ मीटरचा आरसा,
आणि बोट टेकवायला बंदी.
तो इथं रुजू झाला तेव्हा
तो तारा आजच्याच जागी होता.
मधल्या सोळा वर्षांत त्याची एक फेरी झाली,
आकाशगंगेच्या मध्यावर,
एका कोऱ्या जागेभोवती.
चाळीस लाख सूर्यांचं वजन,
आणि जागा कोरी.

त्या रात्री नेमका वारा वाढला, घुमट मिटला.
तारा वळणावर, आणि आम्ही बाहेर,
थर्मासमधला कोकाच्या पानांचा चहा फुंकत.
मी म्हणाले, आता काहीजण म्हणतात
ते विवर नसेलच.
ज्या न दिसणाऱ्या द्रव्यानं
अख्खी आकाशगंगा बाहेरून कवळलीय
तेच मधोमध दाटत गेलं असेल,
घट्ट, गाभ्यासारखं.
म्हणजे काठ नाही, गिळणं नाही,
परत न येण्याची रेघ नाही.
सावलीचं ते कडंसुद्धा
दोघांचंही असू शकतं म्हणे.
कक्षा दर फेरीला बारा कला सरकते,
भांडण आहे ते विकलांचं.

त्यानं हात वर केला.
पांढऱ्या पट्ट्यातला काळा भाग बोटानं गिरवला :
मान, पाठ, पोटाशी लुचणारं पिल्लू.
त्याच्या पेइने गावात
तारे जोडून लामा काढत नाहीत,
ताऱ्यांमधला काळोखच लामा असतो.
ती धूळ आहे, मी म्हणाले,
आम्ही शोधतोय ते धूळसुद्धा नाही.
धूळ मला सांगू नकोस,
तो म्हणाला, आणि हसला.

मग बऱ्याच वेळानं :
आमच्या खारट मैदानाच्या कडेला विहीर होती.
एक पिल्लू पडलं तिच्यात,
तेव्हा एलेउतेरिओमामानं ती दगडांनी भरली,
वर हा एवढा ढीग.
पुढं लोकांनी ढीगही नेला, कुंपणांना.
आता तिथं काही नाही. सपाट.
पण कळप आला की वळतो.
पुढची म्हातारी वळते म्हणून मागच्या वळतात,
विहीर गेल्यावर जन्मलेलीसुद्धा.
पायवाट बघ कधी, कोयत्यासारखी आहे.

आणि खाली काय आहे अजून, मी विचारलं,
पोकळी, की दगड?

लामांना ठाऊक नाही, तो म्हणाला.
मामा गेला.
खणायला कुणाला वेळ आहे?

वारा चार वाजून दहा मिनिटांनी पडला.
घुमट उघडला. चाळीस मिनिटं मिळाली.
तारा केसभर पुढं गेला होता.
नोंदवहीत मी लिहिलं : वारा. उशीर. तारा आहे.

उजाडायच्या आत आम्ही खाली निघालो,
दिवे न लावता, वेन्सेस्लाओ चाकावर.
तिसऱ्या वळणाच्या थोडं आधी
त्यानं गाडी हलकेच डावीकडे घेतली,
परत सरळ केली.
रस्ता रिकामा होता.

मी काही विचारलं नाही.