पन्नासावी रात्र

पन्नास रात्री भरल्या की कार्ड काळं होतं.
माझ्या झाल्या होत्या एकोणपन्नास
आणि वर्ष संपायला उरले होते नऊ तास.

मी बुचं विकतो. वाइनच्या बाटल्यांची.
बोर्दो, तुरीन, माइंत्स; जिथे बाटली तिथे मी,
जिथे मी तिथे याच साखळीचं हॉटेल.
तीच उशी, लिंबाच्या सालीचा तोच वास,
रात्री तीनला अंधारात उजवीकडे वळलं की बाथरूम.
घरी ते डावीकडे आहे.
घरी मी दोनदा कपाटावर आपटलोय.

ग्रासिंदा म्हणाली, जा.
एका रात्रीसाठी वर्षभराची निष्ठा वाया नको घालवूस.
निष्ठा हा शब्द तिने
माशातला काटा काढावा तसा
दातांतून काढून ताटाच्या कडेला ठेवला.

म्हणून ही पन्नासावी रात्र आमच्याच पोर्तोत,
घरापासून एक पूल आणि मेट्रोचे तीन थांबे लांब.
"पुन्हा घरी स्वागत, सेन्योर सियाब्रा,"
काउंटरवरची इयोलांदा म्हणाली.
तिने पत्ता पाहिला, मला पाहिलं,
आणि काही विचारलं नाही.
पाचवा तारा बहुधा त्याचाच असतो.

सन्मान म्हणून खोली नदीकडची, आठव्या मजल्यावर.
चांदीच्या वाटीत बारा मनुका:
बाराच्या ठोक्यांना एकेक खायची, एकेक इच्छा मागायची.
शेजारी फेसाळ वाइन. मी आधी बूच पाहिलं.
प्लॅस्टिकचं.

बटण दाबल्यावर पडदा सरकला.
खाली दोरू नदी, दिवे पिऊन काळीशार,
पलीकडे गाइयाचा उतार, पोर्टची जुनी कोठारं,
त्यांच्या वर, कौलांच्या तिसऱ्या ओळीत,
आमचं स्वयंपाकघर.
बावीस वर्षं त्या खिडकीतून मी हे हॉटेल पाहिलं.
या खिडकीतून ती, आज पहिल्यांदा.
सर्दीच्या गोळीएवढी. पिवळी.

फोन केला. "दिसतेस."
"काय करतेय मी?"
"ते नाही दिसत."
"थांब." तिने दिवा मालवला, लावला, मालवला, लावला.
"आता तू."

भिंतीवर काचेची पट्टी:
विसावा, वाचन, सायंकाळ, प्रणय.
साधं चालू-बंद कुठेच नाही.
विसाव्यावर बोट ठेवलं, खोली मधासारखी झाली.
प्रणयावर ठेवलं तर पलंगाखालून
माशांच्या टाकीत असतो तसला निळा उजेड आला.
"काही होत नाहीये," ती म्हणाली.
"यातली तुझी कुठली? सगळ्या सारख्याच."

बारा वाजले. आमच्याकडे लोक खिडकीत येतात,
जुन्या वर्षाला हाकलायला पातेली बडवतात.
ती आली असणार, ते बुडाला करपलेलं पातेलं घेऊन.
मी खिडकी उघडायला गेलो. उघडत नाही.
पाहुण्यांच्या शांततेसाठी.
पलीकडे अख्खा उतार हात हलवत होता
आणि माझ्याकडे एसीची घरघर.
बाटलीला कसं वाटत असेल,
एवढ्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा मनात आलं.

मनुका रुमालात बांधल्या. खाली गेलो.
"आता निघालो तर रात्र धरतात का?"
इयोलांदा घाईघाईने काहीतरी चावत होती.
"किल्ली घेतलीत ना? मग बिछान्याला कोण विचारतंय."
आणि जरा थांबून,
"पुलावरून गेलात तर काचा सांभाळा."

दार ग्रासिंदानेच उघडलं.
पलंगाच्या माझ्या बाजूला इस्त्रीचा ढीग,
दोन मासिकं, तिचा चष्मा, अर्धी विणलेली बाही.
"बुकिंग आहे का?"
"नाही."
तिने ढीग जमिनीवर ठेवला. रुमाल सोडून मनुका मोजल्या.
"अकराच आहेत."
"एक पुलावर खाल्ली."
"काय मागितलंस?"

मी सांगितलं नाही.
तीन वाजता जाग आली.
सवयीने उजवीकडे वळलो.