डावं-उजवं

वाजतंय ना, म्हणाला इग्नाक,
मग हात दाखवून अवलक्षण कशाला?
तोवर मी झाकणाचे चार स्क्रू
बशीत ठेवलेही होते,
त्याने खाल्लेल्या चेरीच्या बियांशेजारी.

हिरव्या पाटीवर आकड्यांचा कारभार
नेटका, झळझळीत, महागडा.
आणि अगदी शेवटी, जिथे आकड्याचा आवाज होतो,
त्या दोन बोटं जागेत कारखान्याची काटकसर:
आठ पायांची स्वस्त चिप, एकेका बाजूला एक,
आणि तपकिरी टोपीचा किरकोळ कॅपॅसिटर.
सगळं लग्न थाटात व्हावं
आणि निरोप द्यायला
दारापर्यंत कुणी येऊ नये, तसं.

एकवीस वर्षं मी दवाखान्याच्या तळघरात
कानाची यंत्रं दुरुस्त केली.
मारिबोरमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या कानातला मळ
माझ्या नखांखालून गेलाय.
हात अजून थरथरत नाही.
डोळ्यांचं सांगत नाही.
भिंग लावलं, डावीकडून सुरुवात केली.
उजवी आहे तशीच ठेवायची,
म्हणजे स्वतःशी खोटं बोलायला
जागा राहत नाही.

राळेचा धूर उठला.
चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतंय, म्हणत
इग्नाकने खिडकी उघडली.
खाली कुणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं.
पहिला पाय सुटला, दुसरा सुटला,
तिसऱ्याला मी घाई केली
आणि तांब्याचा ठिपकाच पाटीवरून निघाला,
माशाच्या खवल्यासारखा.

तेव्हा मी जो शब्द उच्चारला
तो बाबा फक्त ट्रॅक्टरसाठी राखून ठेवायचे.

मग एका मेलेल्या श्रवणयंत्रातली
केसाएवढी तार काढली,
तुटलेल्या वाटेवरून पलीकडे नेली.
ज्याचं ते यंत्र, त्या कोपिटार मास्तरांना
कधीच काही ऐकायचं नव्हतं.
चिपच्या जागी बैठक, बैठकीत नवी चिप.
नवा कॅपॅसिटर मेणबत्तीच्या थोटकाएवढा,
झाकण बसेना.
राहू दे झाकण.
मीटर लावला: तीन मिलिव्होल्ट.
शून्य कुठेच नसतं. तीन चालतात.

चालू करताना आवाज दाबून धरणारा ट्रान्झिस्टर
मी त्या बाजूचा काढून टाकला होता,
म्हणून डावा स्पीकर धपकन खोकला.
मांजर पलंगाखाली.

प्तुयच्या शाळेत कधीतरी मुद्रित केलेला
एकटा चेलो लावला,
दोन्हीकडे तोच, तेवढाच.
आधी उजवी. मग डावी.
डावीत गजावरची राळ ऐकू आली मला.
मघाशी नाकात होती, आता कानात.
मी इग्नाककडे पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर तो हो म्हणाला असता.

उजवी, म्हणाला तो.
उजवी काय?
उजवी बरी. डावीकडे तो माणूस
फार जवळ येऊन बसलाय.
त्याचा श्वास ऐकू येतो मला.
मी ओळखत नाही त्याला.

माझ्याजवळ उत्तरं होती:
खरखर किती उतरली, कॅपॅसिटरची गळती किती,
हवं तर आलेख काढून दाखवते.
तोंडापर्यंत आलं सगळं.
पण त्याने बशी उचलली
आणि बियांबरोबर माझे स्क्रूही
कचऱ्यात ओतले,
मग दोघं गुडघ्यांवर बसून
चौथा शोधत राहिलो.
तीनच सापडले.

उजवीचं सामान अजून चहाच्या डब्यात आहे.
बुधवारी करीन म्हणते.
कोणता बुधवार, तो विचारत नाही.
त्याने आपली खुर्ची वीतभर सरकवली आहे,
उजवीकडे.
मी डावीकडे बसते,
त्या अनोळखी माणसाजवळ.
गज टेकवण्याआधी दर वेळी
तो नाकाने हवा ओढतो.
सर्दी असावी.