तेरावा चौकोन

लाँच आठवड्यातून दोनदा येते,
वारा फिरला तर एकदाही नाही.
त्या मंगळवारी तिच्यातून उतरलं
पिठाची पोती, गॅसची टाकी
आणि शिक्षण खात्याचा शिक्का मारलेलं एक खोकं.
सही मी केली. उघडलं मुलांनी.

चिलीच्या दक्षिणेचं हे बेट. एक खोली, एक शेगडी,
पहिली ते सहावी, सगळी मिळून अकरा डोकी.
अन्सेल्मो नाउएल्किन खिडकीशी. वय नऊ.
तोंडातून शब्द कधी आला नाही,
डोळे मात्र असे,
की भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्यांनीच लावलं असावं.

टॅबलेटवर चौकोन, चौकोनात चित्रं.
बोट टेकलं की आतली बाई बोले,
राजधानीतल्या बातम्यांसारखं, इस्त्री केलेलं:
'कृपया मला पाणी हवे आहे.'
आमच्याकडे असं पाणी कुणी मागत नाही.
मुलं फिदीफिदी हसली.
अन्सेल्मोने बोट मागे घेतलं
आणि दोन दिवस खिशातच ठेवलं.

माहितीपुस्तक, पान चौतीस: आवाज बदलता येतो.
मग नकाशांच्या कोठीत घोंगड्या टांगून
एकेकाला आत पाठवलं.
थोरला बार्रिया 'पाणी' म्हणाला
ते होडीतून हाक मारल्यासारखं.
मिलेनाला सर्दी.
सगळ्यात शेवटी विडलीन,
हैतीहून बापामागोमाग आलेली,
बाप सॅमनच्या कारखान्यात रात्रपाळीला.
तिचा 'र' घशातच विरघळतो.
तो 'र' या वर्गाने किती वेळा चघळून
तिच्याच पुढ्यात थुंकला, मला ठाऊक होतं.
रागावले होते मी. खरं सांगायचं तर दोनदाच.

अन्सेल्मोने सगळे आवाज ऐकले.
पुन्हा ऐकले.
मग विडलीनवर बोट ठेवलं
ते काढलंच नाही.

तेव्हापासून वर्गातला सगळ्यात बडबड्या मुलगा
विडलीनच्या 'र'मध्ये बोलतो:
'सरक.' 'बरोबर.' 'परत सांगा.'
हसायचं कुणाला, ते कुणाला कळेना.
त्याचा आजा शिंपल्यांच्या दोऱ्या सोडवताना म्हणाला,
'घरात एक परकी पोर बोलतेय रोज.
एकदा तिला जेवायलाच आणा.'

महिन्याभराने तो टॅबलेट पालथा टाकू लागला.
ढकलायचा. एकदा शेगडीजवळ पडता पडता राहिला.
मी म्हटलं, कंटाळला.
विडलीन म्हणाली, 'बाई, तुम्ही यात
"नको" ठेवलंच नाही.'

रात्र जागून निवडलेले माझे बारा चौकोन:
पाणी, हो, मदत, धन्यवाद,
समजलं, संपलं, परत सांगा...
गुणी मुलाचे बारा शब्द.
ज्याला बोलतं करायला निघाले होते
त्यालाच विचारायचं राहून गेलं.

तेराव्या चौकोनात चित्र काय?
फुली म्हणजे चुकलेलं गणित. ती बाद.
बंद दार, उलटा अंगठा, वाद घंटाभर.
अन्सेल्मो उठला
आणि त्याने आमच्याकडे पाठ फिरवली.
विडलीनने फोटो काढला.
राखाडी स्वेटर, मानेपाशी उसवलेला.
'नको.'
बोट त्याचं, गळा तिचा,
आणि दिवसभरात एकोणीस वेळा. मी मोजलं.

परवा वाऱ्याने खांब पाडला.
टॅबलेट काळाठिक्कर.
मुलांनी एका फळीवर तेच चौकोन रंगवून ठेवलेत,
स्वेटर होडीच्या उरलेल्या रंगाने, म्हणून निळा.
मी म्हटलं, चला, शुद्धलेखन.
दहा जण वह्यांकडे बघत राहिले.
अन्सेल्मोने फळी पुढे ओढली,
निळ्या पाठीवर बोट टेकवलं.

फळीला कुठला आवाज?
पण मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच
तो घशातून काढला, विडलीनसारखा.
विडलीन नव्हती ती. थोरला बार्रिया.

मी खडू खाली ठेवला.