अकरा मिनिटं

वहीच्या मागच्या पानावर मी मिनिटं मांडली:
पाच जणांची चाळीस-चाळीस, म्हणजे दोनशे.
दोनशेतून यशोधन बुळेला किती द्यायची
हे रात्री दीडपर्यंत जमेना.
खोडरबरानं कागद तिथेच झिजला
जिथे त्याचं नाव होतं.

एकोणचाळीस वर्षांचा. डावा गुडघा दोनदा उघडलेला.
बँकेत खिडकी नंबर तीन,
तिथेही लोक त्याच्याच रांगेत उभे राहतात.
मी अकरावीत असताना
रेसकोर्स रोडच्या कोर्टाच्या जाळीला नाक लावून
त्याला हवेत थांबताना पाहिलंय.
थांबताना, हो. बाकीचे उडी मारायचे आणि पडायचे,
तो वर जाऊन विचार करायचा.

आता तो खालीच विचार करतो.

मंडळाचे लोक म्हणतात, मॅडम, पहिल्यापासून उतरवा त्याला,
गर्दी त्याच्या नावावर येते.
पोरं म्हणतात, माझ्यासमोर नाही, बसमध्ये, मागच्या सीटवर,
काका परत धावत येईस्तोवर
समोरचे बास्केट टाकून चहा पिऊन येतात.
दोन्हीकडचे खरंच बोलतात.
जुनं ते सोनं, असं अध्यक्ष भाषणात म्हणाले.
सोनं लॉकरमध्ये ठेवतात, साहेब.
मला ते हातात घालून भांडी घासायची आहेत.

मग मागचे नऊ सामने पाहिले,
आवाज बंद करून, रिमोट हातात.
पहिल्या क्वार्टरात तो दमतो,
आणि दम लपवण्यात आणखी दमतो.
पण दुसऱ्याच्या शेवटाला,
समोरची दुसरी फळी उतरलेली असते,
आपला फरहान तीन फाउलांनी धुमसत असतो,
तेव्हा हा येऊन उभा राहतो,
नुसता उभा, बास्केटकडे पाठ करून,
आणि सगळा खेळ त्याला वळसा घालून जातो,
पूर्वी इंदुरात रस्त्यात बसलेल्या म्हशीभोवतून
टेम्पो जायचे तसा.
चेंडू त्याच्याकडे येतो, राहत नाही.
पाऊण सेकंद.
तेवढ्यात लोकेंद्र मोकळा.

साडेपाच तिथे.
साडेपाच शेवटच्या क्वार्टरात,
घड्याळात सात उरले की दीड उरेपर्यंत.
शेवटचं दीड मिनिट नाही.

हे एवढं वाक्य सांगायला मला तीन दिवस लागले.

सरावानंतर तो पायरीवर बसला होता,
रसवाल्याकडून आणलेला बर्फ
पिशवीत घालून गुडघ्यावर.
वही लांब धरून वाचली. हेही नवीनच.
म्हणाला, "कोच, पोह्यांत जिरावण शिजवत नाही कुणी.
वरून टाकतात. शेवटी. चिमूटभर."
मग हसायचं राहून गेलं त्याचं.
पिशवी उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली,
जो धड आहे असं आम्ही सगळे समजतो त्यावर.
"फक्त बाहेर काढाल तेव्हा
शिट्टी आपल्या बाजूनं वाजलेली असू द्या.
माझ्या चुकीवर नको."

रविवारी, जबलपूरशी, एक बत्तीस उरले होते.
शिट्टी आपली.
मी हात वर करायच्या आत तो निघालाही होता,
आत येणाऱ्या पोराचा दंड धरून
कानात काही सांगत,
समोरच्या सात नंबरच्या डाव्या हाताकडे बोट दाखवत.

एका गुणानं हरलो.
अध्यक्ष माझ्याशी बोलले नाहीत.
गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, बुळेला का काढला?
बुळे तेव्हा पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता.

पुढच्या सामन्याआधी वही परत आली.
अकराचे त्यानं पेन्सिलीनं दहा केलेले.
उरलेलं एक मिनिट
बेंचच्या टोकाला बसणाऱ्या एकाच्या नावावर:
परदेशीपुऱ्याचा, सोळा वर्षांचा,
बुटांचे तळवे अजून कोरे.
समोर त्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं,
"याला माझ्यासोबत उतरवा. माझ्याऐवजी नको.
अजून नको."