मानशीची फळी

मला दोनशे रुपये दंड झाला, गोष्ट एवढीच.
चवथीआधीच्या अवसेला बांधावर माझी पाळी होती
आणि मी पणजीत होतो, मावसभावाच्या साखरपुड्यात,
तिसरी वाटी सोलकढीची पीत.

कुळसंघाच्या कचेरीत कायतान बसलेला,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
पुस्तक उघडले. नाव. तारीख. गैरहजर.

मी म्हटले, नियम केला कुणी?
म्हणाला, गांवान.
कुठल्या गावाने? मी तेव्हा होतो?
दाखव, कुठे आहे माझी सही?

त्याने खरेच पाने उलटली मागे मागे,
जणू सही कुठेतरी चिकटून राहिली असेल
वाळवीने खाल्लेल्या दोन पानांमध्ये.
मग म्हणाला, भात खातोस मरे ह्याच खाजनाचे?

खातो.
पण पहिली पेज भरवताना मला कुणी विचारले नव्हते
की बाबा, ह्या तांदळाबरोबर एक बांध येतो,
चालेल ना?
आणि नसेल पटत तर जा म्हणणे सोपे आहे.
फेरीबोट अर्ध्या तासाने सुटते.
माणूस चढेल. त्याची विहीर कशी चढेल,
बायकोने धक्क्यापर्यंत वाढवलेली अबोली कशी चढेल?

कायतानने जुने पुस्तकही काढले, गांवकरीच्या वेळचे.
नियम तिथलाच, शब्द न् शब्द तोच:
भरतीच्या आत फळी पाडावी, खांड दिसल्यास हाक द्यावी.
खाली गांवकारांच्या सह्या, लफ्फेदार, शेपट्या असलेल्या.
आजोबा त्या पानावर आहेत.
"मजूर सात, पैकी बायका चार."
सातांतला कुठला, ते लिहिलेले नाही.
चारांतली एक आजी असणार,
डोक्यावर चिकणमाती, पोटात माझा बाप.

जोण वाटली जायची तेव्हा ही सात माणसे
व्हरांड्याबाहेर उभी असत.
पुढे कायदा आला, शेत आमचे झाले,
शेताबरोबर हे पुस्तकही आमचे झाले.
ज्या करारात आम्ही नव्हतोच
तो आता आम्ही एकमेकांवर चालवतो,
दोनशे रुपये, पावतीसकट.

हे सगळे मी बोललो. बरे बोललो.
कायतान ऐकत होता, बोटाने शाईचा डाग पुशीत.
मग खिडकीकडे बघून म्हणाला,
फोंडू गेला होता त्या रात्री.

फोंडूची पाळी दुसऱ्या दिवसाची.
मानशीवर कंदील दिसला नाही म्हणून एकटा गेला,
बासष्ट वर्षांचा, एका डोळ्यात फूल पडलेला.
फळी पडली, पण उशिरा.
बाजूला हातभर खांड गेली, त्याने हाक दिली,
माणसे येईपर्यंत खारे पाणी आत.
माझ्या शेतात नाही. त्याच्या.
कोरगुट खारे सोसते म्हणतात. इतके नाही सोसत.

काल तो मला तिठ्यावर भेटला होता.
जेवलास? म्हणाला.
एवढेच.

मी पैसे भरले.
पावतीवर लिहू लागलो: दंड दिला, नियम मान्य नाही,
कारण...
कायतान म्हणाला, ह्याला रकाना नाही.
म्हटले, समासात लिहितो.
समासात लिहिले. जागा पुरली नाही,
"आजी" शब्द पानाच्या कडेवरून खाली वळला.
त्याने ते खोडले नाही. खाली तारीख घातली,
आणि शिक्का मारला.

आज अवस.
आज माझी पाळी नाही, तरी आलो आहे.
हे नियम पाळणे आहे,
की फोंडूच्या त्या डोळ्याला घाबरणे,
मला नीटसे सांगता येत नाही.
दोरी सैल करतो. फळी ओल्या लाकडाचा आवाज करत
खाली बसते. पलीकडून नदी तिला टेकते.

मी शेवटचे बोटभर अंतर बंद करायच्या आत
एक कुर्ली तिरकी तिरकी आत निसटली.
तिला मी काही म्हटले नाही.