मिसरी

मिरजेला फार्मॅकॉलॉजीच्या तासाला
सर फळ्यावर कुलूप काढतात, शेजारी किल्ली.
निकोटिन ही बनावट किल्ली, म्हणतात,
पण खरीपेक्षा अलगद फिरते.
मी उतरवून घेते, आणि कुलपाखाली
माझ्या हातून एक बोट काढलं जातं.
आईचं. उजव्या हाताचं, पेरापर्यंत काळं.

डफळापूरला दर शनिवारी तव्यावर
तंबाखू भाजली जायची. ठसक्यानं
कुत्रंसुद्धा उठून पलीकडच्या गल्लीत जायचं.
मग चुरून, फडक्यातून गाळून
बामच्या रिकाम्या डबीत.

आई बचत गटाचा हिशोब बघायची.
एकोणीस बायका, दोन टक्के व्याज, सगळं तोंडी.
आधी हिरडीवरून बोट, मग पिचकारी,
मग आकडे तिच्यापुढं
प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे गप्प रांगेत.
"ही लावल्याबगर डोस्कं उघडत न्हाई बघ."
मला वाटायचं, हुशारी म्हणजे
अशीच काहीतरी काळी, तोंडात धरायची वस्तू.

वॉर्ड सहा. ऑपरेशनच्या आधी
भुलीच्या मॅडमनी बंद करायला लावली.
पहिल्या दिवशी नर्सच्या अंगावर ओरडली.
दुसऱ्या दिवशी कप फुटला,
तिचा नव्हे, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा,
तरी तासभर रडली.
काल सुंदरव्वा मावशी वही घेऊन आल्या.
सत्तेचाळीस आणि अठरा.
आई त्या बेरजेपाशी तीनदा थांबली
आणि माझ्याकडं असं बघितलं
की मीच तिचं काहीतरी चोरलंय.

चोरलंयच. डबी माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे.
"टाकलीस?"
"टाकली."
"बरं केलंस," म्हणते,
आणि कोरडंच बोट दातांवरून फिरवते.

तिला सांगावं का,
की तुझ्या डोक्यात नको तितकी कुलपं झालीत,
ती आता रिकामी बसून बोंबलतायत,
हळूहळू कमी होतील, आकडे परत येतील?
ती विचारणार, "कवा?"
तेवढं सरांनी अजून शिकवलेलं नाही.

रात्री हॉस्टेलच्या जिन्यात
नखानं झाकण उचकटलं.
मी जन्मात एकदाही लावलेली नाही.
तरी वास आला तसं तोंडाला पाणी सुटलं,
छातीतलं काहीतरी सैल झालं,
आणि उद्याच्या पेपरचं अख्खं प्रकरण
ओळीनं डोळ्यांपुढं आलं.

झाकण लावलं.
दोन पायऱ्या चढले.
परत उघडलं.